तांबड्या कुत्र्याची लघवी अडली तेव्हा

कुत्र्याचे शौच अडले आहे की लघवी, हे मी आता दहा पावलांवरून सांगू शकतो. शौच अडलेला कुत्रा पाठीची कमान करतो, जोर देतो, तसाच दोन पावले पुढे सरकतो आणि पुन्हा वाकतो. लघवी अडलेला कुत्रा एका जागी थांबून राहतो. नर असूनही कधी कधी मादीसारखा खाली बसतो. थेंबभर पडते, तो वळून ती जागा चाटतो, चार पावले जातो आणि पुन्हा थांबतो. दिवसातून पाच-सात वेळा जाणारे जनावर वीस-तीस वेळा जाऊ लागले आणि दर वेळी थेंबच पडू लागले, तर उन्हाचे निमित्त सांगत बसू नये. थेंब गुलाबी दिसला तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. थेंबही पडेना, कुत्रा अन्न टाकून ओकू लागला आणि त्याच्या ओटीपोटात घट्ट गोळा हाताला लागला, तर गाडी जुंपावी. जेवायलासुद्धा थांबू नये.

आमच्या पूर्णाकाठच्या पाच-सहा गावांतले लोक आपली कुत्री मला दाखवायला आणतात. मी डॉक्टर नाही. ज्वारी आणि कपाशी पिकवणारा माणूस आहे. पण या एका गोष्टीत मी सहसा चुकत नाही, आणि न चुकण्याचे कारण मला लोकांना सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. हे शिकताना मी एक कुत्रा मरायला टेकवला होता आणि त्याचा दोष दुसऱ्या माणसावर ढकलला होता.

वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होता त्या दिवसांतली ही गोष्ट. माझे वय तेव्हा पस्तिशीचे असेल. वडील वारून दोन वर्षे झाली होती आणि शेत माझ्या हाती आले होते. खळे मात्र माझे आणि माझ्या चुलत भावाचे एकत्र होते. दोघांची ज्वारी एकाच खळ्यावर मळायची, एकच रास घालायची आणि दोघांच्या समोर मोजून वाटायची, अशी आजोबांपासूनची रीत. दोन्ही वाटेकरी हजर असल्याशिवाय राशीला मोजणीचे मापट लागत नसे.

खळ्याचे नियम आमच्याकडे फार कडक होते. शेणाने सारवलेल्या त्या गोल जमिनीवर कोणी जोडा घालून जात नसे. तिथे थुंकायचे नाही, शिवी द्यायची नाही. रास पडली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची. ती रेघ ओढल्यापासून रास उचलेपर्यंत खळे म्हणजे देवघरच. कोणत्याही जनावराने तिथे लघवी केली तर रास बाटली असे माझे वडील मानत. मळणीच्या बैलांमागेसुद्धा टोपले घेऊन माणूस फिरायचा.

आमचा कुत्रा तांबड्या रंगाचा होता. म्हणून त्याला घरात सगळे तांबडाच म्हणत. उंच, अरुंद छातीचा, कान अर्धे पडलेले. तो पिल्लू असताना त्याने एकदा राशीच्या कडेला पाय वर केला होता. मी वडिलांच्या देखत त्याला तुरीच्या फोकाने मारले. दोन-चार फटक्यांवर थांबलो नाही. वडील बघत होते आणि मला त्यांना दाखवायचे होते की मी खळे सांभाळू शकतो. कुत्रा इतका ओरडला की बैल बिचकले. त्यानंतर त्याने सारवलेल्या जमिनीवर कधीही लघवी केली नाही. अंगण असो, ओसरी असो, खळे असो. सारवलेले दिसले की तो पोट आवळून उभा राहायचा.

मला त्याचा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. राखणीला मी त्याला खळ्याच्या मधल्या मेढ्याला, म्हणजे मळणीच्या खांबाला, बांधायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "सकाळपासून बांधला हाय. पाय वर करते का पाहून घ्या." लोक कौतुक करत. एका पाहुण्याने मला विचारलेही होते, "मंग तो करते कवा?" मी हसून म्हणालो होतो, "आपण सोडू तवा."

त्या वर्षी रास पडली आणि नेमका चुलत भाऊ मुलीच्या सोयरिकीसाठी खानदेशात गेला. चार दिवसांत येतो म्हणाला. एक स्थळ फिसकटले, मग दुसरे बघायला तो आणखी पुढे गेला. रास सोळा-सतरा दिवस तशीच पडून राहिली. डुकरांचा त्रास होता, मोकाट कुत्र्यांचा होता. मी हुकूम दिला की तांबड्याला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मेढ्याला बांधायचे, मध्ये सोडायचे नाही. तो एकदा सुटला की शिवारभर भटकतो आणि तासभर येत नाही, अशी माझी तक्रार होती. आणि दुसरा हुकूम दिला, जो आठवला की अजूनही माझी मान खाली जाते. दुपारी त्याला पाणी द्यायचे नाही. पाणीच कमी प्याला तर मोकळे व्हायची गरजही कमी लागेल, असा माझा हिशेब होता.

हा हुकूम ऐकून आमचा सालदार थांबला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने राहणारा गडी. हा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा होता, आमच्याकडे त्याचे नववे साल चालू होते आणि तोंडाने फटकळ होता.

"मालक, जनावर हाय ते. त्याले तहान लागते."

"सांजीले पिऊ दे ना पोटभर."

"तुमी राहता का दिसभर बिना पाण्याचे? एक दिस राहून पाहा, मंग सांगा."

"तू मले शिकवू नको."

"म्या कायले शिकवू? म्या तं सालदार." असे म्हणून तो गेला.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी दुपारी अवचित खळ्यावर गेलो. मेढ्याला नुसता दोर होता. सालदार बांधाच्या पलीकडे बाभळीखाली उभा होता आणि तांबडा एका खापरातून पाणी पीत होता. मी सालदाराला सगळ्या गड्यांसमोर नाही नाही ते बोललो. खळ्यावर शिवी द्यायची नसते म्हणून बांधावर उभा राहून दिल्या. त्या दिवसापासून सालदाराने हुकूम तंतोतंत पाळला.

आठवडाभरात मला दिसायला लागले. संध्याकाळी सोडले की कुत्रा धावत बाभळीशी जायचा, पाय वर करायचा आणि तसाच उभा राहायचा. मी मनात मोजले तर शंभरापर्यंत आकडे व्हायचे. मग पिचकारीसारखी थोडी धार, मग थेंब. लघवीला उग्र वास येऊ लागला. तो सारखा स्वतःला चाटत बसायचा. मग एके दिवशी वाळलेल्या कडब्याच्या पानावर गुलाबी डाग दिसला.

"उन्हाळी लागली," मी घरात सांगितले. आमच्याकडे माणसाला लघवीची आग होऊ लागली की उन्हाळी लागली म्हणतात, आणि त्यावर धन्याचे पाणी देतात. मी धन्याचे पाणी दिले, पण ते संध्याकाळी. दुपारचा हुकूम तसाच होता. बांधाला पळस फुलले होते. त्याची फुले वाफवून ओटीपोटावर बांधतात, तेही करायला बायकोला सांगितले. तिने दोन दिवस बांधली. कुत्र्याला तेवढ्यापुरते बरे वाटायचे. तो डोळे मिटून पडून राहायचा.

त्यानंतर तो मादीसारखा खाली बसून जोर करू लागला. मला वाटले, शौच अडले. मी त्याचा जबडा धरून एरंडेल पाजले. आता विचार करतो तेव्हा वाटते, त्या वेळी मी किती ठामपणे चुकत होतो! एकेक खूण डोळ्यांसमोर होती आणि प्रत्येक खुणेला माझ्याकडे तयार नाव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेढ्याजवळ उठला नाही. रात्रीची भाकर तशीच पडली होती. दोनदा ओकला. बायको पळसाची फुले बांधायला बसली आणि तिचा हात मध्येच थांबला.

"अवो, इकडं या. हात लावा इथं."

मी हात लावला. ओटीपोटात कवठासारखा टणक गोळा होता. दाबताच कुत्र्याने माझ्या मनगटाला दात लावले, पण चावला नाही.

"याची संडास नाई अडली," ती म्हणाली. "मूत अडलं याचं. पोटात भरून राह्यलं. तुमी एरंडेल कायले पाजलं?"

"मले का मालूम?"

"इच्यारलं असतं तं मालूम झालं असतं," असे म्हणून तिने त्याच्या अंगाखाली गोणपाट सरकवले आणि सालदाराला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपायला हाक मारली.

नांदुरा आमच्या गावापासून तीन कोस. तिथे स्टेशनापलीकडे गुरांचा दवाखाना होता. वाटेत आमच्या दमणीत कुत्रा पाहून लोक हसत होते. कापसाच्या गाडीवरचा एक ओळखीचा ओरडला, "काऊन मालक, कुत्र्याले रेल्वे दाखवायले चालले का?" सालदार म्हणाला, "हाव, तुयासाठी बी जागा हाय, ये." कुत्र्याचे डोके माझ्या मांडीवर होते आणि त्याचा श्वास जलद चालला होता. तो माझ्यामुळे मरणार आहे हे मला तोपर्यंत पक्के कळले होते.

डॉक्टर पुण्याकडचे होते. उंच, गोरे, बाह्या दुमडलेले. ते एका गाभण म्हशीला तपासत होते. अंगणात दहा-बारा बैल आणि त्यांचे मालक बसले होते. कुत्रा आणला म्हटल्यावर कंपाउंडर म्हणाला, "हा ढोरांचा दवाखाना हाय जी." डॉक्टरांनी मान वळवून एकदा बघितले आणि म्हणाले, "म्हैस थांबेल. त्याला आत घ्या."

त्यांनी पोटाला हात लावला आणि किती वेळ झाला ते विचारले. मी एरंडेलाचे सांगितले. पळसाच्या फुलांचे सांगितले. मला वाटले ते हसतील. ते म्हणाले, "शेकानं कळ कमी होते. ते चांगलं केलंत. पण खडा शेकानं हलत नाही." मग काम करता करता त्यांनी मला समजावले. नर कुत्र्याच्या लघवीच्या वाटेत एक बारीक हाड असते. मूत्राशयात तयार झालेला खडा त्या हाडाच्या तोंडाशी येऊन अडकतो. मादीची वाट रुंद असते म्हणून तिला खडा असला तरी पुष्कळदा नुसते रक्त आणि जळजळ होते. नराची वाट मात्र पुरती बंद होते, आणि मग दोन-तीन दिवसांत विष अंगात चढून तो मरतो.

उकळून गार केलेली बारीक रबरी नळी त्यांनी तेल लावून आत सरकवली. ती अडली. त्यांनी नळीतून हळूहळू पाणी सोडले, थांबले, पुन्हा सोडले. सालदाराने कुत्र्याचे मागचे पाय धरले होते आणि मी तोंड. एकदम काहीतरी मागे सरकले असावे, कारण नळी आत गेली आणि तिच्यातून चिंचेच्या कोळासारखी लघवी बाहेर आली. डॉक्टरांनी ती थांबवत थांबवत काढली, पण पहिली धार सालदाराच्या छातीवर बसली.

कंपाउंडर म्हणाला, "लेका, अंघोळ झाली तुई."

"झाली तं झाली," सालदार म्हणाला. "सोडू दे त्याले. सोड बापा, सोड."

कुत्रा मोकळा झाला तसे त्याचे अंग सैल पडले. डॉक्टरांनी हात धुतले आणि विचारले, "एवढी गढूळ लघवी एका दिवसात होत नाही. हा तासन् तास लघवी धरून ठेवतो का?"

मी खळ्याचे सांगितले. बांधण्याचे सांगितले.

"आणि पाणी?"

"दुपारी देत नव्हते."

"हे कोणी ठरवलं? याला बांधतो कोण?"

अंगणातले सगळे शेतकरी दारात जमले होते. त्यांतले दोघे माझ्या नात्यातल्या लोकांना ओळखत होते. मी सालदाराकडे बोट केले. "हा बांधते," मी म्हणालो. "त्याले समजलं नाही."

सालदाराने माझ्याकडे पाहिले नाही. तो ओला सदरा पिळत होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "अरे, माणूस आहेस ना तू?" कोणीतरी मागून म्हणाले, "असेच असतात गडी लोक." सालदार सदरा पिळत राहिला.

खडे आत सरकले होते, गेले नव्हते. पुन्हा अडकतील, तेव्हा पोट कापून काढावे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. पण आधी आतला पू आणि सूज उतरायला हवी. त्यांनी औषधाची बाटली दिली. दिवसातून पाच-सहा वेळा बाहेर न्या, ताकात पाणी घालून पाजा, भाकरी ओली करून द्या, आणि रोज सकाळची लघवी वाटीत धरून बघा; आठ दिवसांनी बाटलीत घालून आणा, असे बजावले.

ते आठ दिवस मी कुत्र्यामागे पितळी वाटी घेऊन फिरलो. त्याने पाय वर केला की मी वाटी पुढे करायचो, तो दचकून पाय खाली घ्यायचा. पारावर बसलेले म्हातारे म्हणायचे, "मालक, कुत्र्याची धार काढून राह्यले का? किती देते?" मला त्याचे काही वाटले नाही. वाटीच्या बुडाशी बारीक वाळूसारखा गाळ बसायचा. लघवीचा रंग रोज थोडा फिका होत होता, वास कमी होत होता. डॉक्टर सांगतात ते खरे आहे याचा मला डोळ्यांनी पुरावा मिळत होता, आणि मी माझ्या हुकुमांनी काय केले होते याचाही.

सालदार त्या आठ दिवसांत कामापुरते बोलला. मी दोनदा बोलायला गेलो. एकदा तो बैल धूत होता. मी म्हणालो, "तिथं माह्या तोंडून निघून गेलं." तो म्हणाला, "काय निघून गेलं?" मी म्हणालो, "काही नाही. बैलाच्या खुराकडं पाह्य."

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा नांदुऱ्याला गेलो. डॉक्टरांनी लघवी बघितली, कागदाची पट्टी बुडवून बघितली आणि म्हणाले, आता कापता येईल. कंपाउंडरने टेबल धुतले. डॉक्टरांनी सालदाराला पुढे बोलावले.

"मी याचं पोट उघडून खडे काढीन," ते त्याला म्हणाले. "तो जगेल असं मला वाटतं. पण तू त्याला परत तसाच बांधणार असशील, तहानलेला ठेवणार असशील, तर वर्षात पुन्हा खडे होतील आणि माझी मेहनत फुकट जाईल. मग मी हात लावत नाही. सांग, पुन्हा बांधशील?"

सालदाराने टेबलावरच्या कुत्र्याकडे पाहिले. मग म्हणाला, "नाई बांधणार, सायेब."

"शपथ घे."

"त्याच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो. नाई बांधणार." आणि त्याने खरोखरच कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो हात मी बघितला आणि मला राहवेना. न केलेल्या गोष्टीची शपथ तो माझ्या कुत्र्याच्या जिवासाठी घेत होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, यानं काही केलं नाही. बांधायचा हुकूम माझा होता. पाणी तोडायचाही माझाच. यानं चोरून सोडलं होतं, तर मी याला शिव्या दिल्या. त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

दारात आजही शेतकरी होते. मी मुद्दाम मोठ्याने बोललो, कारण पहिल्यांदाही मोठ्याने बोललो होतो.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग कंपाउंडरला म्हणाले, "यांना बाकावर बसव," आणि सालदाराकडे हात केला. मला म्हणाले, "पाय तुम्ही धरा. आणि शपथ तुमची."

मी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कंपाउंडरने औषधाचा बोळा त्याच्या नाकाशी धरला. पाय लुळे पडले तरी मी सोडले नाहीत. खडे निघाले ते पाच होते, तुटक्या चुनखडीसारखे, सगळ्यांत मोठा तुरीच्या दाण्याएवढा. मी शेवटपर्यंत बघितले. मला बघायलाच हवे होते.

त्या कुत्र्याला नंतर पुन्हा खडा झाला नाही, हे इथेच सांगून टाकतो. पण त्या दिवशी ते आम्हाला माहीत नव्हते. टाके घातल्यावर डॉक्टरांनी एक दिवस नळी आत ठेवली. आम्ही दोघे दवाखान्याच्या छपरीत राहिलो. सालदार माझ्याशी बोलला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना. "एवढं बोलायले नऊ दिस लागले तुमाले, मालक?"

"लागले."

"म्या तं म्हणत होतो, आखाजीले साल संपते, तवा सोडून जावं."

"मंग?"

"मंग काय? पाहू," तो म्हणाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो खरेच गेला, दुसऱ्या मालकाकडे, शेजारच्याच गावात. मी थांब म्हणालो नाही, कारण मला तो हक्क वाटला नाही.

त्या सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. "आता यानं स्वतःहून लघवी केली पाहिजे," ते म्हणाले. "दुपारपर्यंत नाही झाली तर पुन्हा नळी घालावी लागेल. आत ताण आला तर टाके उसवतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आम्ही कुत्र्याला अंगणात उभे केले. दवाखान्याचे अंगण रोज झाडून सडा घातलेले असे. तांबड्याने जमीन हुंगली आणि पाय आवळून उभा राहिला. पाणी तो पोटभर प्याला होता. त्याची मांडी थरथरत होती. तास गेला. मी त्याला चुचकारले, पुढे नेले, मागे आणले. अंगणाबाहेर उकिरड्याशी नेले. तिथे त्याने पाय अर्धा वर केला, माझ्या तोंडाकडे बघितले आणि पाय खाली ठेवला.

"कर ना बापा," मी म्हणालो. "कर. इथं चालते."

त्याने शेपूट पोटाखाली घेतले.

ऊन डोक्यावर येत चालले होते. दारातून डॉक्टरांनी एकदा बघितले आणि कंपाउंडरला नळी उकळायला सांगितल्याचे मला ऐकू आले. पुन्हा पाय वर, पुन्हा माझ्याकडे नजर, पुन्हा पाय खाली. असे चार वेळा झाले तेव्हा सालदार उठून आला.

"मालक, दोर माह्याजवळ द्या."

"काऊन?"

"तो तुमच्याकडं पाहून राह्यला. तुमाले भेऊन राह्यला तो. तुमी जा तिकडं, भिंतीमागं. दिसू नका त्याले."

मी दोर त्याच्या हातात दिला. दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी गेलो आणि विटांकडे तोंड करून उभा राहिलो. मला काही दिसत नव्हते. सालदार कुत्र्याशी हळू आवाजात बोलत होता, शब्द कळत नव्हते. मग तो बोलायचा थांबला. वाळलेल्या पाचोळ्यावर धार पडल्याचा आवाज आला, तुटला, आणि पुन्हा सुरू झाला, या वेळी लांब, न थांबणारा. मी भिंतीवर कपाळ टेकले.

"झाली, मालक!" सालदार ओरडला. "बापा, किती करून राह्यला! पांढरी सफेद हाय, रगत नाई! अजून तिकडंच राहा, अजून चालू हाय!"

मी तिथेच राहिलो.